माईक कुणालाही द्या, पण पुढचा प्रश्न तयार ठेवा

पोकर मला खेळता येत नाही, तरी पोकरचे पॉडकास्ट ऐकतो. तिथला पाहुणा चेहरा न बदलता थाप मारण्यात मुरलेला असतो. कधी काय बोलेल, नेम नाही. अशा माणसाला कसं विचारायचं, हे आम्हा पत्रकारांनी तिथे बघावं.

२०१९ चं प्रकरण घ्या. कॅलिफोर्नियातल्या स्टोन्स गॅम्बलिंग हॉलमधले डाव थेट दाखवले जायचे. त्यात माइक पॉसल नावाचा खेळाडू इतका जिंकत होता की, तिथल्याच समालोचक व्हेरोनिका ब्रिल यांनी फसवणुकीचा संशय जाहीरपणे मांडला. थोड्याच दिवसांत पॉसल 'द माउथपीस' या पॉडकास्टवर आला आणि आरोप साफ नाकारून मोकळा झाला.

अशा वेळी श्रोत्यांत दोन तट पडतात. 'याला माईक दिलाच कशाला?' आणि 'बोलू द्या की, ऐकू तरी!' मी दुसऱ्या तटातला. पण विचारणाऱ्याच्या हातात कागद हवेत. तेव्हाच जोई इंग्रम यूट्यूबवर पॉसलचे जुने डाव तासन् तास तपासत होता आणि बघणारेही त्याच्यासोबत शोधत होते.

२०२० मध्ये कोर्टाने पॉसलवरचा दावा फेटाळला; जुगारातलं नुकसान त्या राज्यात असं वसूल करता येत नाही म्हणून. आरोप सिद्ध झाला नाही. म्हणूनच तर प्रश्न नेमके हवेत.

गावोगावच्या चॅनेलवाल्यांनो, 'बेधडक' नेता बोलावला की व्ह्यूज येतात, खरंय. पण त्याने फेकलेल्या आकड्यावर उलट प्रश्न आला नाही, तर ती मुलाखत नव्हे, फुकटची सभा. आणि मंडळी, खाली 'भारी भाऊ' लिहिण्याआधी एवढंच विचारा: पुरावा कुठाय?