मुलांना कामात घ्या

मूल शिकवलं तरच शिकतं, अशी माझी पक्की समजूत होती. हडपसरमध्ये बालवाडी चालवताना पालकसभेत मी तेच सांगायचे: रोज मुलाजवळ बसा, चित्रांची कार्डं दाखवा, रंग विचारा. ज्या घरात हे होत नाही तिथली मुलं मागे पडणार, असं मनापासून वाटे. आता वाटत नाही.

गाडीतळाजवळ भाजी घेताना हे मत हळूहळू सुटत गेलं. आईशेजारी पोत्यावर बसलेली पोरं लिंबांचे वाटे लावतात. एखादं लिंबू बारकं निघालं तर जोडीला मोठं बघून ठेवायचं, डागाळलेलं बाजूला. हे त्यांना कुणी समोर बसवून शिकवलेलं नसतं. आई गिऱ्हाइकाशी बोलत असते, मूल बघत असतं. कधीतरी हात पुढे करतं आणि आई तो झिडकारत नाही. चुकलं तर मुकाट्याने एक लिंबू इकडचं तिकडे करते. मोजणी माझ्या कार्डांतही होती. वाटा गिऱ्हाइकाला पटेल असा लावायची अक्कल नव्हती.

मानसशास्त्रज्ञ बार्बरा रोगॉफ आणि सहकाऱ्यांचा 1993चा अभ्यास नंतर वाचला. ग्वाटेमालातलं सान पेद्रो आणि राजस्थानातलं ढोल की पट्टी इथली तान्हेपण नुकतंच संपलेली मुलं एकाच वेळी दोन-तीन गोष्टींकडे लक्ष ठेवत, मोठ्यांच्या कामाकडे बघून शिकत. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत आया मुलांना धडा दिल्यासारखं शिकवत. मी स्वतः कुठल्या गावची होते ते लगेच कळलं.

खरं तर हे इतक्या लांबून यायची गरज नव्हती. ताराबाई मोडक माँटेसरी पद्धतीतून आल्या, पण 1945 साली बोर्डीत त्यांनी बालवाडी थेट वस्तीच्या अंगणात नेली आणि बिया, शिंपले, पानं हेच साधन केलं. त्यांच्या सहकारी अनुताई वाघांची कुरणशाळा तर गुरं राखणाऱ्या मुलांच्या मागे कुरणात गेली.

बाजारातल्या आईची ओढाताण मला दिसते. मूल सोबत आणणं ही तिची हौस नाही, आणि पोराच्या हाती पुस्तक यावं ही तिची इच्छा माझीही आहे. मला काळजी वाटते ती उंच इमारतींतल्या मुलांची. आईबाबांचं काम लॅपटॉपमध्ये, स्वयंपाक बाईंच्या हातात, आणि मूल मध्ये आलं की "जा, खेळ जा". त्याला बघायला उरतं काय?

म्हणून आमच्या बालवाडीत मुलं आता मटार सोलतात, चटया झटकतात. काही पालकांना हे रुचत नाही. त्यांच्याशी मी वाद घालते. ज्येष्ठात वारीच्या दोन्ही पालख्या हडपसरला येतात. इथून माउली सासवडकडे वळतात, तुकोबा लोणी काळभोरकडे. त्या आठवड्यात पालकांना माझं एकच सांगणं असतं: मुलांना खांद्यावर घेऊन गर्दी दाखवू नका, वारकऱ्यांना केळी वाटणाऱ्यांच्या रांगेत उभं करा, आणि केळी त्यांच्याच हातात द्या.