तात्यांची केबल

नेब्रास्कातल्या नॉर्थ प्लॅटजवळ, ट्रक थांबतात तिथल्या पार्किंगच्या कडेला, सीबी रेडिओ दुरुस्तीचं एक पत्र्याचं दुकान होतं. ते चालवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराचं मी देणं लागतो. ते फेडायची सोय आता उरलेली नाही, म्हणून निदान लिहून ठेवतो. त्यांना मी मनातल्या मनात तात्या म्हणायचो. काटकुळा देह, कानावर पेन्सिल, आणि समोरचा कोण कुठला हे न विचारता थेट कामाला हात घालायचे.

मी तेव्हा नुकताच जुना ट्रेलर-ट्रक घेतला होता. रेडिओ त्यात आधीपासूनच होता, पण नुसती खरखर. मी बोललेलं कोणालाच ऐकू जात नव्हतं. नोव्हेंबरचा महिना, पुढचा मुक्काम वायोमिंग ओलांडून. हे ऐकल्यावर तात्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "ड्रायव्हर, रेडिओशिवाय तिकडे जाऊ नकोस. चल, आधी बघू."

सीबी म्हणजे सत्तावीस मेगाहर्ट्झवरचा, कोणालाही वापरता येणारा रेडिओ. अमेरिकन सरकारने १९५८ साली ही पट्टी सामान्य माणसाला खुली केली. १९७३ च्या तेलटंचाईनंतर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली तेव्हा डिझेल कुठे मिळतंय, पोलीस कुठे उभे आहेत, हे ड्रायव्हर एकमेकांना यावरच सांगू लागले. चाळीस चॅनेल आहेत. नऊ नंबर संकटासाठी, एकोणीस नंबर ट्रकवाल्यांचा. ताकद मात्र अवघी चार वॉट. एवढ्याशा ताकदीतलं जेवढं अँटेनापर्यंत पोचेल तेवढंच हवेत जाणार, म्हणून सगळा जीव अँटेना आणि केबलमध्ये.

तात्यांनी डाव्या आरशावरची अँटेनाची काडी उतरवली. मल्टिमीटरची एक पिन ब्रॅकेटला लावली, दुसरी मधल्या खिळीला. मीटर वाजला. "हा वाजायला नको." खिळी आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये नायलॉनचा वायसर असतो, त्याची पायरी ब्रॅकेटच्या भोकात बसावी लागते. आधीच्या कोणीतरी तो उलटा घातला होता, त्यामुळे अँटेना सरळ शॉर्ट. नवा वायसर बसवून त्यांनी पुन्हा मोजलं, मीटर गप्प. मग त्यांनी ब्रॅकेटवरचा रंग खरवडून लखलखीत पत्रा काढला आणि तिथून केबिनच्या लोखंडाला एक जाड पट्टी ओढली. हल्लीच्या ट्रकना निम्मं अंग फायबरचं, आरशाच्या दांडीला अर्थिंग मिळेलच असं धरून चालू नये, हे त्यांचं म्हणणं.

पण खरा घोळ केबलचा होता. काड्या दोन आणि केबल एका काडीसाठी असते तशी, पन्नास ओहमची. तात्यांनी पुठ्ठ्यावर आकृती काढून मला समजावलं. प्रत्येक अँटेना पन्नास ओहमचा; दोन नुसते जोडले तर रेडिओला पंचवीसच दिसतात, आणि निघालेल्या ताकदीचा काही भाग परत रेडिओवरच उलटतो. म्हणून दोन काड्यांना पंचाहत्तर ओहमची केबल, दोन्ही बाजूंना सारखी, अठरा फूट. या पट्टीची लाट साधारण अकरा मीटरची. केबलमधून ती हवेतल्यापेक्षा सावकाश, दोन तृतीयांश वेगाने जाते. त्या हिशेबाने अठरा फूट म्हणजे बरोबर पाऊण लाट. एवढ्या लांबीवर पन्नासाचे एकशेबारा होतात आणि दोन्ही जोडले की छप्पन्न, म्हणजे रेडिओला हवे तसे. मी मान हलवली, तरी त्यांनी पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगितलं. गिऱ्हाईक रांगेत उभं असताना इतकं शिकवणारा माणूस मला त्या देशात दुसरा भेटला नाही.

केबल त्यांनी दाराच्या बिजागरीत चिमटणार नाही अशी, रबरी बुचातून घेतली. आत शिरण्याआधी तिला खाली एक झोल दिला, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच गळून जावं. उरलेली केबल गोल गुंडाळली नाही. आठाच्या आकड्यात सैल घड्या घातल्या आणि टेपने बांधल्या. रेडिओची वीज थेट बॅटरीवरून, अँटेनाच्या केबलपासून लांब. मग उलटणारी ताकद दाखवणारा मीटर लावून पहिलं आणि चाळिसावं चॅनेल तपासलं. चाळिसावर काटा जास्त चढत होता, म्हणजे काडी लांब. टोकाचा स्क्रू थोडाथोडा आत फिरवत त्यांनी दोन्हीकडचा आकडा दीडच्या आत आणला.

शेवटी माइक माझ्या हातात दिला. माझे उच्चार, माझं इंग्रजी, सगळं घशाशी आलं. तात्या नुसते उभे राहिले, घाई केली नाही. मी कसंबसं विचारलं, कोणाला ऐकू येतंय का. दूर महामार्गावरून उत्तर आलं, "स्वच्छ ऐकू येतंय, ड्रायव्हर."

त्यांनी मालाचे पैसे घेतले. मजुरीचं विचारलं तर म्हणाले, "वायोमिंग उतरून ये, मग बघू."

लॅरमीच्या पुढे एल्क माउंटनच्या पायथ्याचा रस्ता वाऱ्यासाठी बदनाम आहे. आकाशातून बर्फ पडत नसलं तरी जमिनीवरचं उडून समोरचं सगळं पांढरं होतं. मी तिथे असताना एकोणीस नंबरवर समोरून येणारा एक जण ओरडून सांगत होता: पश्चिमेला जाणाऱ्यांनो, आर्लिंग्टनच्या पुढे ट्रेलर आडवे झालेत, काही दिसत नाही, वेग कमी करा. मी आर्लिंग्टनलाच बाहेर पडलो आणि रात्र काढली. नंतर रस्ता बंद झाला. त्या आवाजाचा चेहरा मला कधी कळणार नाही. तो माझ्यापर्यंत पोचला तो मात्र तात्यांच्या अठरा फुटांतून.

परतताना थांबलो तर दुकानाला कुलूप. टायरवाला म्हणाला, म्हातारा मुलीकडे राहायला गेला, दुकान विकायला काढलंय. पत्ता त्यालाही ठाऊक नव्हता.

आता बहुतेक ड्रायव्हर फोनवर नकाशा बघतात आणि एकोणीस नंबर तासन्‌तास मुका असतो. मला हे बरं वाटत नाही. पुढे गर्दी आहे एवढं फोन सांगतो. कुठल्या लेनमध्ये काय आडवं पडलंय ते माणूसच सांगतो.

तो ट्रक विकला तेव्हा दोन्ही काड्या आणि केबल मी काढून घेतल्या. नव्यात कंपनीचं वायरिंग तयार होतं, मेकॅनिकने कशाला खटाटोप म्हणून विचारलं. तरी मी त्याच बसवून घेतल्या, आणि मजुरी जेवढी झाली तेवढी भरली.