शेवटचे वीस-बावीस किलोमीटर

परदेशातल्या मुलांकडे चार-सहा महिने राहून परत येणाऱ्या आईबाबांची काळजी साधारणपणे विमानतळापर्यंतच केली जाते. व्हीलचेअर सांगितली का, विमान बदलायला वेळ पुरेल ना, जेवण शाकाहारी आहे ना, हे सगळं दहादा विचारून होतं. विमान उतरलं की मुलं फोनवर म्हणतात, "पोहोचलात ना? झालं तर मग!" पण आमच्यासारख्यांचं घर तिथून बरंच पुढे असतं. आमचं घर इंद्रवेल्लीला, तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात. हैदराबादच्या शमशाबाद विमानतळापासून सुमारे सव्वातीनशे किलोमीटर.

तुम्हा तरुण मंडळींपैकी अनेकांनी हे नाव ऐकलंही नसेल. नागपूरहून दक्षिणेला निघालात, पांढरकवडा मागे टाकून पैनगंगा ओलांडली, की आदिलाबाद जिल्हा लागतो. पूर्वी हा सगळा निजामाचा मुलूख. आज महाराष्ट्रात असलेले किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत याच जिल्ह्यात होते. राज्यांची सीमा बदलली, पण लोकांची बोली काही बदलली नाही. इंद्रवेल्लीच्या सोमवारच्या बाजारात एकाच पालाखाली गोंडी, मराठी, तेलुगू, बंजारा आणि दखनी उर्दू ऐकू येते. आमचे आजोबा किनवटकडून इथे आले. मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळांत शिकवून निवृत्त झालो. मुलगा डॅलसला असतो. यंदा आम्ही दोघं त्याच्याकडे साडेपाच महिने राहून आलो.

परतीच्या प्रवासात पहिली गडबड विमानतळावरच झाली. चार बॅगांपैकी एक आलीच नाही. नेमकी चॉकलेटांची! मग आमचं इथलं सिम चालेना. तिकडच्या मुक्कामात ते कंपनीनं बंद केलं होतं. सलग ९० दिवस नंबर वापरला नाही, तर तो बंद होऊ शकतो, असा नियमच आहे. नंबर नाही म्हणजे ओटीपी नाही, आणि ओटीपी नाही म्हणजे बँक असूनही पैसे नाहीत. पुतण्या आमचीच गाडी घेऊन न्यायला आला होता म्हणून निभावलं. टोलनाक्यावर फास्टॅगही अडला, तिथे जास्तीचे पैसे त्यानंच भरले.

गाडी साडेपाच महिने शेडमध्ये उभी होती. पुतण्यानं नवी बॅटरी बसवली, हवा भरली, तेल-पाणी पाहिलं आणि इंद्रवेल्लीहून रातोरात हैदराबाद गाठलं. येताना काही त्रास नाही. परततानाही कामारेड्डी गेलं, निर्मल गेलं. चढावर तापमानाचा काटा थोडा वर सरकला, उतारावर पुन्हा खाली आला. गुडीहत्नूरला आम्ही राष्ट्रीय महामार्ग ४४ सोडून उटनूरच्या रस्त्याला वळलो. तिथून घर वीस-बावीस किलोमीटर. सौ. म्हणाली, "आता पिठलं-भात टाकायचा आणि झोपायचं."

पण दिवस पौष अमावास्येचे होते. मुत्नूरजवळून केसलापूरला फाटा जातो. तिथे नागोबाचं देऊळ आहे, मेस्राम कुळातल्या गोंडांचं दैवत. जत्रेला तेलंगणाबरोबरच महाराष्ट्र आणि छत्तीसगडातूनही माणसं येतात. रस्त्यावर टेम्पो, जीपगाड्या, बैलगाड्या, पायी चालणारे घोळके. आमची गाडी माणसाच्या चालीनं सरकू लागली आणि दहा मिनिटांत बॉनेटमधून वाफ निघाली. पुतण्यानं गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. नंतर ते सुरूच होईना.

तुमच्यापैकी काहीजण अभियंते आहात, तुमच्या लक्षात आलंच असेल. महामार्गावर गाडी पळत असते तेव्हा समोरचा वाराच रेडिएटर थंड ठेवतो. गाडी रेंगाळली की ते काम पंख्याला करावं लागतं. आणि पंख्याची वायर शेडमधल्या उंदरांनी कुरतडून ठेवली होती. तीनशे किलोमीटर त्या वायरीची गरजच पडली नाही. गरज पडली ती घराजवळ आल्यावर.

कापसाच्या शेताकडेला आम्ही उभे. फोन एकच, पुतण्याचा, त्याचीही बॅटरी संपत आलेली. दोन दिवसांची झोप राहिलेली, सौ.चे पाय सुजलेले. तेवढ्यात एक बैलगाडी थांबली. पांढरा पटका बांधलेल्या आजोबांनी "राम राम" घातला आणि विचारलं, "का झालं जी?" आम्ही बॉनेटकडे बोट दाखवलं. त्यांनी नातवाला गोंडीत काही सांगितलं, तसा तो पोरगा मागून येणाऱ्या कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून इंद्रवेल्लीला मिस्त्री आणायला गेला. आम्ही कुणीच तसं म्हटलं नव्हतं.

बायकांनी सौ.ला गाडीच्या सावलीत पोत्यावर बसवलं. ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा पुढे केला. सौ.नं सवयीनं पर्स उघडली, मग तिला आठवलं की चॉकलेटं बॅगेबरोबर गेलीत. द्यायला आमच्याकडे काहीच नव्हतं. ती तशीच हसली आणि भाकर खाल्ली.

वाट पाहताना आजोबांशी बोलणं झालं. ते मेस्राम कुळातलेच. जत्रेआधी त्यांच्यातली माणसं अनवाणी पायांनी गोदावरीवरच्या हस्तिनामडुगूला जातात आणि झारीत पाणी भरून तशीच पायी परततात. जाऊन-येऊन शंभराहून जास्त किलोमीटर. परतताना इंद्रवेल्लीला इंद्रादेवीची पूजा करायची, मग केसलापूरच्या वडांखाली मुक्काम. अमावास्येच्या रात्री त्या पाण्यानं नागोबाची महापूजा होते. त्याच रात्री कुळात आलेल्या नव्या सुनांची देवाशी ओळख करून देतात. त्याला ते 'भेटिंग' म्हणतात. आजोबा म्हणाले, "भेट झाल्याबिगर सून आमच्यातली होत नाई." सौ.नं माझ्याकडे पाहिलं. आमच्या सुनेनं इंद्रवेल्ली अजून पाहिलेली नाही. नातू पाच वर्षांचा आहे.

तासाभरानं मिस्त्री आला, पिशवीत पक्कड, टेप आणि वायरीचं भेंडोळं घेऊन. इंजिन गार होईपर्यंत त्यानं रेडिएटरच्या झाकणाला कुणाला हात लावू दिला नाही. मग पंखा सरळ बॅटरीला जोडला, पाणी भरलं आणि चावी फिरवली. गाडी सुरू झाली. पुतण्याशी तो तेलुगूत बोलला, आजोबांशी गोंडीत आणि माझ्याशी मराठीत. "घरी गेल्यावर ही वायर काढून ठेवा सर, नायतर बॅटरी उतरंल. उद्या येऊन नीट बसवतो." तीनशे रुपये घेतले आणि जत्रेकडे निघून गेला.

गावाबाहेर हुतात्म्यांचा स्तंभ लागतो. २० एप्रिल १९८१ रोजी, सोमवारी, बाजाराच्या दिवशी, जमिनीच्या हक्कांसाठी जमलेल्या गोंडांवर इथे पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा, लोक त्याहून कितीतरी जास्त सांगतात. १९८६ मध्ये स्तंभ स्फोटानं उडवला गेला, पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहिला. ज्यांच्यामुळे गोंडांच्या जमिनी हातच्या गेल्या, त्या बाहेरून आलेल्यांत मराठी माणसंही होती. हे मी वर्गात मुलांना सांगत असे, तुम्हालाही सांगतो. भाकर देणाऱ्या हातांकडे पाहताना ते माझ्या मनात होतं.

घरी पोहोचल्यावर डॅलसला फोन लावला. मुलगा सगळं ऐकून घाबरला आणि चिडला. "बाबा, म्हणून म्हणतो, घर विका आणि इकडे या." त्याची काळजी खोटी नाही. रात्रीची वेळ असती, सौ.ला काही झालं असतं, तर काय, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पण 'घर विका' म्हणणं सोपं आहे. आमचा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. १९७० च्या कायद्याप्रमाणे इथली जमीन किंवा घर फक्त आदिवासी माणसाला अथवा आदिवासींच्या सहकारी संस्थेलाच देता येतं. कायदा योग्यच आहे, स्तंभापाशी उभं राहिलं की तो का हवा हे कळतं. त्याला मी एवढंच म्हटलं, की विकायचं तेव्हा कुणाला द्यायचं याचा विचार आपण दोघांनी इथे बसून करू, फोनवर नको. सौ.नं मागून सांगितलं, "पुढच्या जत्रेला तिघंही या. मग काय ते ठरवू."

ज्यांचे आईबाबा असे लांबच्या गावी परततात, त्यांच्यासाठी चार गोष्टी. निघण्याआधी त्यांचं इथलं सिम रोमिंगवर चालू राहील असं करा. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर बॅटरीची वायर काढून ठेवायला सांगा, टायरमध्ये हवा भरून घ्या, आणि परतल्यावर पहिली फेरी मिस्त्रीच्या दुकानापर्यंतच होऊ द्या. त्यानं बॉनेटखालच्या वायरी एकदा डोळ्यांनी पाहायला हव्यात. विमा आणि पीयूसीच्या तारखा, फास्टॅगमधले पैसे तपासा. लांबच्या विमानप्रवासानंतर त्याच दिवशी तीनशे किलोमीटर नको, हैदराबादला किंवा नागपूरला एक रात्र मुक्काम असू द्या. आणि गावातल्या दोन माणसांचे नंबर तुमच्या फोनमध्ये ठेवा. ती तुमच्याशी कुठल्या भाषेत बोलतील, तेही माहीत असू द्या.

हरवलेली बॅग नवव्या दिवशी आली. चॉकलेटं घेऊन आम्ही केसलापूरला गेलो तेव्हा वडांखालचे मुक्काम उठले होते. आजोबांचं गाव कोणतं, हे मिस्त्रीला ठाऊक होतं. गाडी काढली. पंखा आता ठीक चालतो.