कव्हरला खेळणारा

कळंबच्या चहाच्या टपरीवर कबड्डीचा वाद नेहमीच रंगतो. १ मार्च २०२४ ला पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून प्रो कबड्डी जिंकली, तेव्हापासून माझं एकच पालुपद : कर्णधार अस्लम इनामदारची चढाई! शेजारच्या नगर जिल्ह्यातला पोरगा, त्यात नाव आपल्यातलं. अभिमान लपवू कशाला?

माझा एक विद्यार्थी कव्हरला खेळतो. परवा म्हणाला, "सर, कोपऱ्यातल्यानं घोटा धरला, तरी कव्हरनं वेळेवर धडक दिली नाही, तर चढाईपटू मध्यरेषा गाठतो. पण आमचं नाव कुणी घेत नाही."

मी गप्प झालो. उर्दूच्या तासालाही मी हात वर करणाऱ्यांचीच नावं घेतो.