खोक्यावरचा घड

फोटो काढून घेणं आणि फोटो विकत घेणं हे दोन वेगळे धंदे. पिंपळगाव बसवंतला पहिल्याचं गिऱ्हाईक लग्नसराईत आपणहून दारात येतं. दुसऱ्याचं शोधावं लागतं, आणि सापडलं की ते आधी विचारतं, ‘फोटोचे कसले पैसे?’

चिंचखेड चौफुलीच्या बाजूला स्टुडिओ असलेला एक फोटोग्राफर हा प्रश्न रोलच्या काळापासून ऐकतो आहे. तेव्हा हिशेब सोपा होता. छत्तीसचा रोल, पासपोर्टच्या कॉप्या, साखरपुड्याचे पोस्टकार्ड साइझ, फार तर आजोबांचं एन्लार्जमेंट, तेही बहुधा आजोबा गेल्यावर, दहाव्याच्या आत, घाईघाईने. कागद जेवढा मोठा, तेवढं बिल मोठं. फोटो म्हणजे कागद, यात ना गिऱ्हाइकाला शंका होती ना त्याला.

मग बाजार समितीने त्याला वर्तमानपत्राची गोडी लावली. पावसाळा सरता सरता पिंपळगावला टोमॅटोच्या जाळ्यांनी भरलेली पिकअप वाहनं महामार्गापर्यंत रांग लावतात. त्या रांगेचा फोटो काढायचा, प्रिंट पाकिटात घालायची, नाशिकच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायची. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, आणि खाली कंसात ‘छाया’ या शब्दापुढे त्याचं नाव. मानधन यथातथाच. पण ते नाव दाखवून लग्नाच्या ऑर्डरी मिळत, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार?

त्या पेपराचं पुढे काय होतं तेही इथलाच माणूस सांगू शकतो. डिसेंबर-जानेवारीत निर्यातीच्या बागेत द्राक्षांचे घड रद्दी पेपरात गुंडाळतात. थंडी आणि ऊन यांच्या फेऱ्यात हिरवे मणी गुलाबी पडतात. त्याला ‘पिंक बेरी’ म्हणतात आणि परदेशी खरेदीदार असा माल नाकारतो. म्हणून घडाला कागदाचा आडोसा. एका बागेत त्याला स्वतःचाच फोटो असा गुंडाळलेला दिसला. टोमॅटोचा ढीग बाहेर, थॉमसनचा घड आत.

पिंपळगावच्या फोटोला बाहेर भाव येतो तो बहुतेकदा शेतमालाचा भाव पडल्यावर. २०२३च्या जुलैत टोमॅटो कडाडला तेव्हा भरल्या जाळीचे फोटो देशभर मागितले गेले, पण तो अपवाद. ८ डिसेंबर २०२३ला कांद्याची निर्यात बंद झाली, लिलाव थांबले, आणि पुन्हा नेहमीचीच मागणी: रस्त्यावर ओतलेला माल, डोक्याला हात लावलेला शेतकरी. मार्च २०१८मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च मुंबईत पोहोचला तेव्हा सोलवटलेल्या तळपायांच्या फोटोंनी जे केलं ते निवेदनांनी झालं नसतं, हे मान्य. तरी सलग दहा चांगल्या हंगामांचा फोटो कोणी मागत नाही, ही गोष्ट त्याला खटकते. खटकायलाच हवी.

चांगल्या हंगामाचं गिऱ्हाईक निघालं ते पॅकहाउस. द्राक्षाच्या बॉक्सवर घड छापायचा असतो. आणि हा घड वाटतो तितका सोपा नाही. मण्यावर निसर्गतः एक पांढुरकी झाक असते. बोट लागलं की ती पुसली जाते आणि तेवढा मणी काचेसारखा चकाकून उठतो, फोटोत डाग दिसतो. म्हणून घड फक्त देठाला धरायचा. सकाळी ऊन तिरकं असताना, मागच्या बाजूने उजेड येऊ द्यायचा, समोरून थर्माकोलचा पांढरा तुकडा धरायचा. मग मण्याच्या आतला हिरवा उजेड दिसतो. पाण्याचे थेंब अगदी शेवटी, कारण एकदा पाणी मारलं की झाक गेली.

असा एक घड त्याने एका व्यापाऱ्याच्या ऑर्डरीवर काढला, पैसेही घेतले. पुढच्या हंगामात तोच घड दुसऱ्याच नावाच्या बॉक्सवर! तो वकिलाकडे गेला. वकिलाने सांगितलं ते ऐकून त्याला कागदाचा जुना हिशेब विसरावा लागला. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १७: कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो सांगणारा. म्हणजे घड व्यापाऱ्याचा. भांडायचं तर त्याने. (स्टुडिओच्या शोकेसमध्ये लावलेली नवरी-नवरदेवाची जोडीसुद्धा याच कलमात बसते, हे किती स्टुडिओवाल्यांना ठाऊक असेल!)

तेव्हापासून तो घडाचे फोटो ऑर्डरीशिवाय, स्वतःच्या खर्चाने काढतो आणि मग वापरायला देतो. असा फोटो त्याचा राहतो, आणि २०१२च्या दुरुस्तीनंतर हा हक्क फोटोग्राफरच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतो. हक्क द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. कलम १९ आणखी मजेशीर आहे. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि बॉक्स तर निघालेला असतो हॉलंडला.

याच जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळक्यांनी पिकाच्या चित्रावर पैसा उभा करायची ही वाट फार आधी तुडवली होती. गोध्र्याला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. प्लेगने पत्नी आणि मूल नेलं, गाव सुटलं. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग छपाईचा धंदा. सिनेमासाठी भांडवल हवं होतं तेव्हा, १९१२ साली, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेऱ्यासमोर त्याची वाढ थोडी थोडी टिपत ‘अंकुराची वाढ’ हा चिमुकला चित्रपट केला. तो पाहून फोटोच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी कर्ज द्यायला तयार झाले, आणि १९१३मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. पिकाचं चित्र दाखवून व्यापाऱ्याचा खिसा उघडायची कला नाशिककरांना नवी नाही.

या फोटोग्राफरच्या मुलीने त्याचे काही फोटो शटरस्टॉक या फोटो विकणाऱ्या वेबसाइटवर चढवून पाहिले. तिथे २०२०पासून फोटोग्राफरचा वाटा १५ टक्क्यांपासून सुरू होतो आणि दर १ जानेवारीला पुन्हा तळाशी येतो. शिवाय जाहिरातीसाठी फोटो द्यायचा तर त्यातल्या माणसाची सही लागते. हमालाचा, मजूरबाईचा चेहरा हवा असेल तर आधी त्यांना समजावून सांगायचं की तुमचा फोटो कुठे, कशासाठी लागू शकतो. एका मजूरबाईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग मला किती?’ त्याला उत्तर सुचलं नाही. आता तो सही घेताना थोडे पैसे देतो.

त्याच्या बिलावर हल्ली फोटोच्या आकाराच्या रकान्यात मुदत आणि देश लिहिलेले असतात. यंदा एका पॅकहाउसवाल्या नानांनी ते चष्मा लावून वाचलं.

‘दोन हंगाम, भारत आणि युरोप. आणि दुबई?’

‘दुबईचे वेगळे, नाना.’

‘अरे, घड तोच ना? माझ्याच बागेतला!’

‘घड तुमचाच.’

नानांनी पोराला चहा सांगितला आणि दुबईचा भाव पाडायला घेतला.