घाटाखालचे शीड

मुरबाड-शहापूरकडे समुद्र समजून घ्यायला जा, असे कोणी सांगितले तर आपण त्याच्याकडे चमत्कारिक नजरेनेच पाहू. कल्याण सोडले की खाडी मागे पडते. पुढे भाताची खाचरे, कौलारू घरे, अधूनमधून वीटभट्ट्या आणि पलीकडे सह्याद्रीची उभी भिंत. या दोन तालुक्यांच्या वाट्याला समुद्रकिनारा म्हणून वीतभरही आलेला नाही. तरीही शिडाच्या होड्यांच्या शर्यती कशा जिंकतात, हे कोडे मला उलगडले ते याच मुलखात. आमचा विषय मराठी. होडीशी आमचा संबंध कवितेतल्या नौकेपुरताच. म्हणूनच ही हकीगत सांगावीशी वाटते.

मुरबाडहून टोकावड्यावरून वैशाखऱ्याला उतरावे आणि नाणेघाट चढावा. माथ्याजवळच्या लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. नागनिका राणीचा लेख म्हणून तो ओळखला जातो. वर दगडी रांजण आहे. जकातीचे पैसे त्यात टाकीत, असे सांगतात. जुन्नरहून कल्याण बंदराला उतरणारा हा राजरस्ता. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात कल्याणचे नाव ‘कल्लिएना’ असे आले आहे. देशावरचा कापूस आणि कापड बैलांच्या पाठीवरून घाट उतरे आणि बंदराला लागे. आपल्या गलबतांची शिडे सुतीच असत. मुंबईच्या डोंगरी भागातल्या जाड्याभरड्या सुती कापडाने तर इंग्रजीला ‘डंगरी’ हा शब्द दिला. साहेबाच्या कोशात आमची डोंगरी जाऊन बसली, हे पाहून मराठीच्या मास्तराला किती आनंद होतो म्हणून सांगू!

पावसाळ्यात नाणेघाटावर आणखी एक नवल दिसते. कड्यावरून खाली पडणारे पाणी वाऱ्याच्या झोताने उलटे वर उडते. हा वारा समुद्रावरूनच आलेला असतो. समुद्र इथे आला नाही, पण आपला वारा त्याने धाडून दिला आहे.

शहापूरची बाजू लाकडाची. आसनगावला उतरले की माहुलीचे सुळके समोर उभे राहतात आणि पायथ्याला सागाचे रान लागते. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली, १६५८ च्या आरंभी माहुली घेतला आणि लवकरच कल्याण-भिवंडीच्या खाडीत जहाजे बांधायला काढली. पुढे खाडी आणि पाठीशी रान, अशी ही जागा. आरमाराची गोष्ट आपण नेहमी सिंधुदुर्गापासून सुरू करतो. ती थोडी अलीकडून, या घाटाखालच्या मुलखापासून सुरू करायला हरकत नाही.

लाकूड झाले, कापड झाले. पण कापडाचे शीड होते कसे? याचे उत्तर मुरबाडच्या बाजारपेठेत भेटले. ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारे एक वयस्क कारागीर दुकानाच्या ओट्यावर दाभण घेऊन बसले होते. मी शिडाचा विषय काढला. ते हसले. म्हणाले, “सर, मी शीड कधी शिवलं नाही. पण कापड आणि वारा यांचं भांडण रोज बघतो. ताडपत्री कुठं फाटते ठाऊक आहे? जिथं फडफडते तिथं. फडफडलं की कापड मेलं.”

“पण शिडात तर वारा भरायचा असतो,” मी म्हटले.

“मग त्याला पोट द्यावं लागेल. सपाट कापडाला पोट येत नाही. चोळीला तुकडे का लागतात? अंग सपाट नसतं म्हणून. तुकड्याची कड थोडी गोल कापायची, दुसऱ्याला जोडायची, की फुगवटा आपोआप येतो. तो किती आणि कुठं, हेच सगळं कसब.”

शिडाच्या विद्येचा गाभाच त्यांनी चोळीच्या उदाहरणाने सांगून टाकला. शीड म्हणजे वाऱ्याला अडवणारा पडदा, अशी आपली समजूत असते. वारा पाठीमागून असेल तेव्हा ती खरीही आहे. पण शर्यतीत होडीला वाऱ्याच्या दिशेने तिरपे तिरपे वर चढावे लागते. तेव्हा शीड पक्ष्याच्या पंखासारखे काम करते. फुगवटा जास्त झाला तर होडी वाऱ्यावर चढत नाही आणि कमी झाला तर तिला जोर येत नाही. हा बोटभर फरक शिवणाऱ्याच्या हातात असतो.

त्या बोटभर फरकाने इतिहास घडला आहे. २२ ऑगस्ट १८५१ रोजी इंग्लंडच्या वाइट बेटाभोवती शर्यत झाली. इंग्रजांच्या होड्यांची शिडे जवसाच्या धाग्याची, ढगळ विणीची. वीण मिटावी म्हणून ते त्यांवर पाणी मारीत. ‘अमेरिका’ नावाच्या पाहुण्या होडीची शिडे यंत्रावर विणलेल्या घट्ट सुती कापडाची, बेताच्या फुगवट्याची होती. करंडक अमेरिकेला गेला आणि इंग्रज शीडकऱ्यांनी सुताची कास धरली.

पुढे शीडकरी स्वतःच शर्यतीत उतरले. डेन्मार्कचे पॉल एल्व्हस्ट्रॉम १९४८ ते १९६० या काळात ओळीने चार ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकले आणि शिडेही बनवू लागले. अमेरिकेच्या लॉवेल नॉर्थ यांनी शिडांचा कारखाना काढून १९६८ मध्ये ऑलिंपिक सुवर्ण मिळवले. टेड हूड या शीडकऱ्याने १९७४ मध्ये अमेरिकेचा करंडक आपल्या देशाकडे राखला. स्वतःचे टाके समुद्रावर तपासून पाहायचे, घरी येऊन उसवायचे आणि पुन्हा घालायचे, हा त्यांचा अभ्यास. तोवर सूत जाऊन टेरिलीन आले होते. पण कडा गोल कापण्याची ती जुनी विद्या टिकून होती.

आपल्या मुंबईचाही या कथेत मोठा वाटा आहे. १९८२ च्या आशियाई स्पर्धांतल्या शिडाच्या शर्यती मुंबईच्याच समुद्रात झाल्या आणि फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल वर्गात सुवर्णपदक मिळवले. त्याआधीची गोष्ट ‘सुहेली’ची. बत्तीस फुटांची ही सागवानी होडी मुंबईच्या सुतारांनी वाकस आणि सामत्याने घडवली. १९६४ च्या डिसेंबरात ती पाण्यात उतरली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे तिचे धनी. १९६८ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत लागली. नऊ जण निघाले. सुहेली जड आणि संथ. तिच्यावर पैज कोण लावणार? पण ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी परत आली ती एकटी सुहेली. वाटेत फाटलेली शिडे साहेबांना स्वतःच शिवावी लागली. एकदा तर गाठ मारताना त्यांच्या मिशाच टाक्यात अडकल्या आणि हिसडा देऊन सोडवाव्या लागल्या!

साहेबांचे नाव जगाला ठाऊक आहे, ते असावेही. पण सुहेलीच्या फळ्या तासणाऱ्या सुतारांची नावे किती जणांना सांगता येतील? नाणेघाटातल्या लेण्यात राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. त्या झिजून गेल्या, नावे मात्र दगडात शिल्लक आहेत. कारागिरांचे नेमके उलट होते. नाव कुठेच कोरलेले नसते, आणि केलेले काम मात्र तीनशे बारा दिवस लाटा खाऊनही तसेच उभे राहते.

थंडीच्या दिवसांत मुलांना घेऊन नाणेघाटाला जरूर जा. लेणे दाखवा, रांजण दाखवा. परतताना मुरबाडच्या बाजारात क्षणभर थांबा आणि ताडपत्री शिवणाऱ्या कुणाच्या तरी हाताकडे त्यांना पाहू द्या. दाभण कापडात शिरते, मेणाचा दोरा सर्रकन ओढला जातो, अंगठ्याने टाका दाबला जातो. शर्यत तिथेच सुरू झालेली असते.