नागवेलीचा पत्ता: कसबा पेठ

बीअरला कडवटपणा देणारी हॉपची वेल घरी लावायची, असं माझ्या डोक्यात होतं. पण तिला कडाक्याची थंडी हवी आणि उन्हाळ्यात लांबलचक दिवस. आपल्याकडे ती हिमाचलातल्या लाहौलमध्ये पिकते. पुण्यातला सर्वांत मोठा दिवस जेमतेम सव्वातेरा तासांचा! मग म्हटलं, नागवेलच लावू.

त्यासाठी कसब्यासारखी जागा नाही. कुंभारवाड्यात मातीची कुंडी घेतली, तांबट आळीतली ठोकठोक ऐकत बोळातून एका ओळखीच्या आजींच्या वाड्यात शिरलो. भर मे महिन्यातही चौक गार, भिंतीला ओल, आणि पेरापेराच्या मुळांनी भिंत धरून वर चढलेली वेल. या बाईसाहेबांना हेच लाड लागतात.

"पेराच्या खाली काप रे, मुळं तिथनंच फुटतात," आजी म्हणाल्या. तीन-चार पेरांचा तुकडा, त्यातली दोन मातीत. भुसभुशीत माती, थोडं शेणखत. ओल हवी, पण पाणी साचलं की मुळं कुजलीच. नवं पान येईस्तोवर सावलीत ठेवायचं. फ्लॅटमध्ये ओली भिंत कुठली? काठीला काथ्या गुंडाळा आणि तो भिजवत राहा. पावसाळ्याची सुरुवात बेस्ट.

तुकड्यातून येते ती तीच वेल, तेच पान. म्हणून आजी सध्या येईल त्याला तुकडे वाटताहेत. वाडा रीडेव्हलपमेंटला गेलाय. नव्या इमारतीत त्यांना चौथ्या मजल्यावर पश्चिमेची बाल्कनी मिळणार, म्हणजे दुपारभर ऊन. मला चार तुकडे मिळाले, एका अटीवर: पझेशन मिळालं की एक परत द्यायचा.

तीन जगलेत.